कुणाला ओ देता?

अकरा जानेवारी, रविवार. काम: धायरीला जाऊन आबांची बॅग भरणे.

आबा म्हणजे माझे वडील. सोमवारी सकाळी त्यांना एका वृद्धाश्रमात पोहोचवायचं ठरलं होतं. गाडी धाकटा भाऊ आणणार होता, बॅग मी भरायची होती. आमच्याकडे कामं अशीच वाटली जातात. ज्याला गाडी चालवता येते तो गाडी आणतो आणि जिला घड्या घालता येतात ती उरलेलं सगळं करते.

आबांना तिथे का ठेवायचं, हे आधी सांगते. दोन वर्षांपूर्वी आई गेली. तेव्हापासून ते धायरीच्या फ्लॅटमध्ये एकटे राहत होते. जिथे आमचं कांद्याचं शेत होतं तिथेच आता ही सोसायटी आहे. त्यामुळे आबा म्हणतात की ते शेतातच राहतात, फक्त पहिल्या मजल्यावर. भाऊ खराडीला एका आयटी कंपनीत आहे आणि तिकडेच राहतो, मी कर्वेनगरला. एकटा माणूस म्हणून भावाने हॉलच्या कोपऱ्यात कॅमेरा बसवला होता. पडले-झडले तर कळावं म्हणून. त्या कॅमेऱ्याचा आवाज त्याने मुद्दाम बंद ठेवला होता. आबा फोनवर कुणाशी काय बोलतात ते आपण ऐकू नये, असं त्याचं म्हणणं. मला ते सभ्यपणाचं वाटलं होतं.

दिवाळीनंतर शेजारच्या काकूंनी मला जिन्यात गाठलं. म्हणाल्या, आबा दिवसभरात मधूनच कुणालातरी ओ देतात. घरात कुणी नसतं, तरी खिडकीतून ऐकू येतं, "ओ! आलो, आलो." आवाज खाली आणून काकू म्हणाल्या, वहिनींना ओ देत असणार बिचारे. त्यांचे डोळे भरून आले होते. माझे आले नाहीत. मी भावाला फोन केला.

त्याने कॅमेऱ्यातलं चित्रण काढून पाहिलं आणि एक तुकडा मला पाठवला. कॉलेजच्या ऑफिसमध्ये, प्रवेशाच्या फाइलींमध्ये बसून मी तो पाहिला. आबा खुर्चीत बसलेले आहेत. एकदम मान वर करतात. ओठ हलतात. उठून स्वयंपाकघराकडे जातात, दारात उभे राहतात, आत बघतात. आत ओटा आणि फ्रीज, बाकी कुणी नाही. मग परत येऊन बसतात आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून समोर बघत राहतात. आवाज नव्हताच. आवाज नसल्यामुळे ते आणखी भयंकर दिसत होतं. असे आणखी तुकडे होते. सगळे सारखेच.

पुढच्या रविवारी भावाने त्यांना तोंडावरच विचारलं, "आबा, कुणाला ओ देता?"

आबा म्हणाले, "कुनाला न्हाय."

त्यांना खोटं बोलता येत नाही. मान खाली घालून बोलले म्हणजे खोटं, हे आम्ही लहानपणापासून ओळखून आहोत. ते मान खाली घालून बोलले.

डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं. आबांनी आयुष्यभर बाजारात आडत्याशी तोंडी हिशेब केलेला, ते घडाघडा वजा करत सुटले आणि डॉक्टरांनीच थांबवलं. डॉक्टर म्हणाले, आत्ता तरी ठीक वाटतंय, पण लक्ष ठेवा. भावाला लक्ष ठेवणं खराडीतून जमणार नव्हतं. माझ्याकडे चला म्हटलं तर आबा लेकीच्या घरी राहायला तयार नव्हते. भावाच्या चौदाव्या मजल्यावर तर नाहीच. मग भावाने रोज डॉक्टर येणारं एक ठिकाण शोधलं. स्वच्छ होतं, मी पाहून आले. आता आबांना पटवायचं कसं याची आम्ही दोघांनी तयारी केली, कोण काय बोलणार ते ठरवलं.

पटवावंच लागलं नाही. भावाने विषय काढला आणि आबा म्हणाले, "ने मला." एवढंच. ज्या माणसाने जमीन मोजायला आलेल्या साहेबाला बांधावर दिवसभर उभं केलं होतं, तो माणूस एका वाक्यात तयार झाला. मला तेव्हाच खटकायला हवं होतं. खटकलंही. पण काम सोपं झालं की माणूस खोलात जात नाही.

तर रविवारी सकाळी मी धायरीला गेले. जिन्यात काकू भेटल्या. म्हणाल्या, आबा देवळाच्या पारावर गेलेत, सगळ्यांना भेटून येतो म्हणाले. माझ्याकडे किल्ली होती. बेल न वाजवता दार उघडलं, आतून कडी लावली आणि सरळ आतल्या खोलीत जाऊन कपाट उघडलं. बंड्या, धोतरं, लोकरीचा स्वेटर, औषधांचा डबा. टोपी कुठली द्यायची, रोजची की लग्नाकार्याची, यावर थोडं अडले.

मधेच चहा टाकावा म्हणून स्वयंपाकघरात गेले तर गॅस लागेना. खाली वाकून पाहिलं, सिलिंडर बंद. रेग्युलेटर काढून बाजूला ठेवलेला आणि त्यावर धूळ. ओट्यावर बिस्किटांचे पुडे. चहाच्या डब्यात चहा शिगोशीग. आबा उठल्यापासून दुपारपर्यंत चहावर जगणारा माणूस. मला काही कळेना. जेवणाचा डबा काकूंकडून येत होता, हे ठाऊक होतं. पण चहा?

हातात रेग्युलेटर धरून मी तशीच उभी होते, आणि हॉलमधून बाईचा आवाज आला.

"अहो, ऐकलंत का?"

मी भित्री नाही. एकदा घरात साप निघाला होता तेव्हा नवरा स्टुलावर उभा होता आणि काठी माझ्या हातात होती. पण त्या क्षणी मी घाबरले. दाराला कडी मी स्वतः लावली होती. आवाज स्पष्ट होता, जवळचा, घरातल्या बाईचा असतो तसा, किंचित लाडिक आणि किंचित वैतागलेला. आणि मी काय केलं असेल? मी "ओ" म्हटलं. तोंडातून निघून गेलं. हाक आली की ओ द्यायची, ही सवय आमच्या घरात छड्या खाऊन लागलेली आहे. आई म्हणायची, ओ न देणाऱ्याला जेवायला बोलवू नये.

ओ दिली आणि मग मला घाम फुटला.

हॉलमध्ये गेले. कुणी नाही. ओट्यावरचं लाटणं नकळत हातात घेतलं होतं. दारामागे पाहिलं, न्हाणीघरात पाहिलं, गॅलरीत पाहिलं. गॅलरीत फक्त वाळत घातलेला टॉवेल. कडी काढून जिन्यात डोकावले, काकूंच्या घराचं दार बंद होतं. माझ्या मनात त्या वेळी जे आलं ते लिहिते, कारण ते खरं आहे. मला वाटलं, हे आनुवंशिक असतं. आज आबा, उद्या मी.

तेवढ्यात मागून सनई वाजली आणि तीच बाई म्हणाली, "जिना चढताना गुडघे कुरकुरतात ना? मग आजच घ्या..."

मी वळले. टेबलावर आबांचा लॅपटॉप उघडा होता.

हा लॅपटॉप भावाचा जुना. आबा त्यावर दोनच गोष्टी बघतात. एक म्हणजे गावोगावच्या जत्रांतल्या कुस्त्या, आणि दुसरं म्हणजे बाजारभाव. कांदा विकून त्यांना युगं लोटली, पण मार्केट यार्डात आज काय दर निघाला हे कळल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नाही. बाजारभावाचं ते पान दिवसभर उघडंच असतं. मी समोर बसले. पानाच्या उजव्या कोपऱ्यात एक लहान चौकोन होता आणि त्यात एक हसरी बाई तेलाची बाटली धरून उभी होती. वर पानाच्या नावाशेजारी इवलासा भोंगा दिसत होता. ऑफिसात दिवसभर संगणकावरच असते, त्यामुळे तो भोंगा म्हणजे आवाज इथून येतोय, एवढं मला कळतं.

जाहिरात संपली. मी बसून राहिले. थोड्या वेळाने, मी कशालाही हात न लावता, पान आपलं आपण नवीन झालं. दर ताजे करण्यासाठी तसं होत असावं. कोपऱ्यातला चौकोन परत उघडला.

"अहो, ऐकलंत का?"

आणि चित्र अडकलं. गोल चक्र फिरायला लागलं. नेटचं यंत्र आतल्या खोलीत, मध्ये दोन भिंती. पहिलं वाक्य यायचं आणि गाडी थांबायची. एका माणसाने खुर्चीतून उठून स्वयंपाकघरापर्यंत जावं, आत बघावं, कुणी नाही हे पाहावं, इतका वेळ ते चक्र फिरत होतं. मग सनई आणि गुडघे. तोपर्यंत ते ऐकणाऱ्याला शेजारचा टीव्ही वाटला तर नवल नाही.

मी पान स्वतः पुन्हा पुन्हा नवीन करून पाहिलं. प्रत्येक वेळी बाई बोलायची. एका तेलाच्या बाटलीपायी आम्ही जिवंत माणसाची बॅग भरत होतो.

मग आजवर आम्हाला कुणालाच हे कसं ऐकू आलं नाही? त्याचंही उत्तर बसल्या बसल्या मिळालं. पाहुणा आला की टीव्ही बंद करायचा, हा आबांचा नियम. माणूस दारात आणि आपण डब्याकडे बघतोय, हे त्यांना चालत नाही. बेल वाजली की ते लॅपटॉप मिटतात. भाऊ आला, मी आले, काकू डबा घेऊन आल्या, प्रत्येकाने बेल वाजवली आणि प्रत्येकासाठी आबांनी ती बाई मिटून ठेवली. काकूंना खिडकीतून बाईचा आवाज आलाच असेल, तर तो टीव्ही वाटला असणार. मी आज पहिल्यांदा बेल न वाजवता आले होते.

आबा आपल्या किल्लीने दार उघडून आले तेव्हा मी तिथेच बसले होते. ते चपला काढत होते. लॅपटॉप उघडा आणि मी त्याच्यासमोर, हे पाहून ते दारातच थांबले. मी म्हटलं, बसा जरा. ते बसले. बॅग भरून झाली का, विचारलं. मी म्हटलं, होतेय. मला आधी काही सांगायचं नव्हतं. आधी पाहायचं होतं.

पान नवीन झालं. बाई बोलली.

आबा उठले नाहीत. त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. असं बघणं मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या कपाळाला आठी पडते का, मान वळते का, ते शोधत होते. आवाज कुठून आला हे त्यांना बघायचंच नव्हतं. तो मला ऐकू आला की नाही, एवढंच बघायचं होतं.

"तुला बी ऐकू आलं?" अगदी हळू विचारलं त्यांनी.

"आलं, आबा. ह्या डब्यातून आलं. तेलाची जाहिरात आहे."

मी त्यांना कोपऱ्यातली बाई दाखवली. चक्र फिरून सनई वाजली, गुडघे कुरकुरले, सगळं झालं. आबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि बाईकडे खूप वेळ बघितलं.

मी म्हटलं, आम्हाला वाटलं तुम्हाला आईची हाक ऐकू येते.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच वेडी आहे.

"तुझी आई मला जन्मात कधी 'अहो' म्हनली न्हाय. 'आवं' म्हनायची. 'आवं, ऐकलं का.' ही बया 'ऐकलंत' म्हनती. आपल्या घरात असं कोन बोलतं?"

खरं होतं. आमच्या घरात 'अहो' मी लग्नानंतर आणलं, कर्वेनगरातून, सासूबाईंकडून शिकून. आईला ते नाटकातल्यासारखं वाटायचं.

"मग तुम्ही ओ का देत होता?"

"हाक आली तर ओ द्यायची न्हाय व्हय? पैल्यांदा वाटलं काकूच आली आसंल. जाऊन बघितलं तर कुनी न्हाय. मग रोजच." मग जे म्हणाले ते त्यांनी खाली बघून नाही, माझ्याकडे बघून म्हटलं. "आवं म्हनली आसती तर भ्यालो नसतो. म्हनलो आसतो, आली आसंल बघायला. पर ही अनोळखी बाई. म्हंजी आपलंच डोकं गेलं. डोकं गेलेल्या मान्सानं घरात एकटं ऱ्हाऊ नये. गॅस बी लावू नये. म्हनून बंद केला."

म्हणजे तो 'ने मला' आमच्यासाठी नव्हता. आबांनी स्वतःची तपासणी केली होती, स्वतःच निकाल दिला होता आणि शिक्षाही स्वतःच भोगायला सुरुवात केली होती. चहासकट. आणि आम्ही दोन शिकलेली मुलं मुका सिनेमा बघून हळहळत होतो. मी रेग्युलेटर उचलला आणि उगाच त्यावरची धूळ पुसली.

आबा लॅपटॉपकडे बोट करून म्हणाले, "सांग तिला, तुजा न्हवरा हितं ऱ्हात न्हाय."

मी भावाला फोन लावला. बॅग झाली का, त्याने विचारलं. मी त्याला फोन कानाशी धरायला सांगितला आणि पान नवीन केलं. बाई बोलली. मग सगळं सांगितलं.

"ताई," तो म्हणाला, "ते ऑटोप्ले मीच ऑन केलं होतं."

मग हळूहळू बाहेर आलं. हल्ली ब्राउझर शहाणे असतात, सहसा विचारल्याशिवाय आवाज करत नाहीत. पण आबांना कुस्तीच्या व्हिडिओवरचा तो त्रिकोण सापडायचा नाही, बोट थरथरतं आणि भलतीकडेच पडतं. म्हणून भावाने सगळ्याच पानांना आपलं आपण वाजायची परवानगी देऊन टाकली. एक कुस्ती संपली की दुसरी लागावी. आणि आवाज पूर्ण वर, कारण आबांना जरा कमी ऐकू येतं. कॅमेऱ्याचा आवाज बंद केला तोही आबांसाठी, लॅपटॉपचा चालू केला तोही आबांसाठी. दोन्ही बाजूंनी प्रेमच. मी त्याला तसं म्हणालेही, आणि ते गोड अर्थाने म्हटलेलं नाही हे त्याला कळलं.

त्याने फोनवर सांगितलं तसं मी करत गेले. सेटिंग्जमध्ये जा. प्रायव्हसीवर क्लिक कर. खाली ये, ऑटोप्ले दिसतंय? समोर काय लिहिलंय? ऑडिओ आणि व्हिडिओ दोन्ही चालू, असं लिहिलं होतं. ते मी दोन्ही बंद केलं. कुस्तीच्या साइटला तेवढी सूट ठेवली. लॅपटॉप मिटून परत उघडला. बाजारभावाचं पान आलं, कोपऱ्यात चौकोन आला, बाई आली, पण तोंड मिटून उभी राहिली. पान नवीन झालं तरी मुकी. हे एवढंच काम होतं. कणीक तिंबायला याहून जास्त वेळ लागतो.

आबा शेजारी बसून बघत होते. विचारलं, "आता बोलनार न्हाय?"

"नाही. तुम्ही तिच्यावर टिचकी मारली तरच."

"मी कशाला मारू?"

भाऊ अजून फोनवर होता. म्हणाला, ताई, जागा मोठ्या मुश्किलीने मिळाली आहे, पुढेमागे लागेलच, एकदा राहून तर बघू देत. त्याचं सगळंच चूक होतं असं मी म्हणणार नाही. पण मी फोन आबांच्या हातात दिला. निर्णय त्यांनी दिला होता, तर फिरवायचाही त्यांनीच.

आबा फोनमध्ये म्हणाले, "गाडी नगं." आणि फोन मला परत दिला.

मी त्या दिवशी धायरीलाच राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी आधी वृद्धाश्रमात फोन करून सांगितलं की आम्ही येत नाही. का, विचारलं त्यांनी. मी म्हटलं, तब्येत सुधारली. मग ऑफिसला कळवलं, उशीर होईल. आबा स्वयंपाकघरात होते. रेग्युलेटर त्यांनीच बसवला होता, मी हात लावला नव्हता. भांड्याचा आवाज आला, पण बराच वेळ पुढे काही नाही, म्हणून मी हॉलमधून हाक मारली.

ओ आली नाही.

मी थांबले. आबा दारात आले. आधी लॅपटॉपकडे पाहिलं, तो मिटलेला होता. मग माझ्याकडे.

"तूच ना?"

"मीच."

"मग ओ," ते म्हणाले आणि चहा गाळायला आत गेले.

मी आतल्या खोलीत जाऊन बॅग उघडली आणि बंड्या कपाटात परत लावल्या.